पत्ता चुकलेला हशा

‘अहो, गंमत होती ती. एवढं काय मनाला लावून घेता?’

हे वाक्य कोण बोलतं ते नीट बघा. ज्याची गंमत झाली, तो हे कधीच बोलत नाही.

काळ्या रंगावर, चपट्या नाकावर, बारीक डोळ्यांवर आपल्याकडे रोज गंमत चालते. कॉलेजच्या कट्ट्यावर चालते, लग्नाच्या बोलणीत चालते, टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात तर हमखास टाळ्या घेते. कुणी हरकत घेतली, की हरकत घेणाऱ्यालाच विनोदबुद्धी नाही असा निकाल जागच्या जागी लागतो. ज्याने टोमणा मारला, तोच न्यायाधीश.

यावर भाषण द्यावं, तर ऐकतो कोण? वंशभेद हा शब्द उच्चारला की लोकांना आफ्रिका आठवते, गांधीजी आठवतात, पीटरमारित्झबर्गचं स्टेशन आठवतं. स्वतःची सोसायटी कुणालाच आठवत नाही.

मग विनोदाला विनोदानेच गाठावं लागतं. आणि हे काम गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कुणी नेमकं केलं असेल, तर ते लघुपटांनी. कोट्यवधींचे सिनेमे अश्रू ढाळत बसले. दहा-बारा मिनिटांच्या फिल्मांनी टाचणी टोचली.

उदाहरण हवं? घ्या.

साल १९९३. पेपे डँकर्ट या जर्मन दिग्दर्शकाचा ‘श्वार्त्सफारर’. लांबी बारा मिनिटं, रंग कृष्णधवल, जागा बर्लिनची ट्राम. एक वयस्क बाई खिडकीशी बसलेली. शेजारची जागा रिकामी. एक तरुण कृष्णवर्णीय माणूस जागा विचारून तिथे बसतो. आणि बाईंचं तोंड सुरू होतं.

दुसरीकडे जागा नव्हती का? आमच्या देशात येता, आमच्या करांवर जगता, आमच्या चालीरीती तेवढ्या शिकत नाही. वास येतो. रोग पसरतात. बाई ओरडत नाहीत, शिवी देत नाहीत. भाजी महागल्याची तक्रार करावी, तसं बोलत राहतात. त्या सुरातच सगळं विष आहे.

तरुण गप्प.

आणि बाकीची ट्राम? ती भरलेली आहे. सगळ्यांना ऐकू येतंय. कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी समोर बघतं. बाई, पुरे झालं, एवढे तीन शब्द कुणाच्या तोंडून निघत नाहीत. सुसंस्कृत माणसांची गाडी आहे ती. सुसंस्कृत माणसं दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाहीत.

मग तिकीट तपासनीस चढतो. बाई तिकीट काढून हातात तयार ठेवतात. तरुण ते त्यांच्या हातातून अलगद काढून घेतो, तोंडात टाकतो, चावतो आणि गिळून टाकतो. पुढच्या क्षणी तपासनीस समोर उभा. तरुण आपला पास दाखवतो. बाई म्हणतात, माझं तिकीट याने खाल्लं!

आता सांगा, असल्या सबबीवर कुठला तपासनीस विश्वास ठेवेल?

खरं तर अख्ख्या गाडीने पाहिलंय. बाई एकीकडून दुसरीकडे बघतात. कुणीतरी साक्ष द्यावी, खरं काय ते सांगावं. पण गाडी तशीच बसून राहते. बाईंना खाली उतरावं लागतं.

जे मौन दहा मिनिटं बाईंच्या कामाला आलं, तेच अकराव्या मिनिटाला त्यांच्या गळ्यात पडलं.

या फिल्मला १९९४ मध्ये सर्वोत्कृष्ट लघुपटाचं ऑस्कर मिळालं. जर्मन शिकवणाऱ्या वर्गांमध्ये ती आजही दाखवली जाते. पुण्या-मुंबईत जर्मन शिकलेल्या अनेकांनी ती पाहिली असेल, हसलेही असतील. क्लास सुटल्यावर बसमध्ये काय केलं, हा वेगळा प्रश्न.

ही फिल्म त्याच सुमाराला का आली? कारण जर्मनीत त्या वेळी हसण्यासारखं काहीच नव्हतं. भिंत पडली, देश एक झाला आणि दोन वर्षांत परक्यांवर हल्ले सुरू झाले. सप्टेंबर १९९१ मध्ये होयर्सवेर्डा गावात मोझांबिक आणि व्हिएतनाममधून आलेल्या कामगारांच्या वसतिगृहावर जमाव चालून गेला. ऑगस्ट १९९२ मध्ये रोस्टॉक शहराच्या लिश्टेनहागेन भागात व्हिएतनामी कामगार राहत असलेली इमारत पेटवली. आग लावणारे शेकड्यांनी होते. टाळ्या वाजवणारे हजारांनी.

टाळ्या वाजवणारे. शेजारीपाजारी.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये म्योल्नमध्ये तुर्की कुटुंबांची घरं जाळली, तिघी गेल्या. मे १९९३ मध्ये झोलिंगनमध्ये पुन्हा आग, तुर्की कुटुंबातल्या पाच जणी गेल्या. पेट्रोल घेऊन येणारे मूठभर असतात. त्यांना रस्ता मोकळा करून देणारे ट्राममध्ये बसलेले असतात. डँकर्टने कॅमेरा नेमका त्यांच्यावर लावला. आग दाखवली असती, तर प्रेक्षक म्हणाला असता, छे, आपण असले नाही. ट्राम दाखवल्यावर काय म्हणणार?

विनोदाचं काम हेच. पळायच्या वाटा बंद करणं.

पण थोडं थांबा. या फिल्मला एक भोक आहे, आणि ते बुजवलं नाही तर आपणही सुटतो.

बाई इतक्या उघड उघड वाईट आहेत, की त्यांना हसणं फार सोपं जातं. प्रेक्षक तिकिटाच्या घासाबरोबर खदखदून हसतो आणि स्वच्छ होऊन बाहेर पडतो. आपण काही त्या म्हातारीसारखे नाही! वर तपासनीस कसा, तर अगदी निःपक्षपाती. काळ्या माणसाचा पास बघतो, मान डोलावतो, संपलं. खऱ्या शहरांत अशा वेळी संशय आधी कुणावर जातो, हे कुठल्याही काळ्या माणसाला विचारा. पण लोक त्याला विचारत नाहीत. फिल्मवर समाधान मानतात.

म्हणून दुसरी फिल्म बघायला हवी. ती पहिलीच्या आधीची आहे आणि जास्त बोचरी आहे.

‘द लंच डेट’, १९८९. ॲडम डेव्हिडसन या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने केलेली. तीही कृष्णधवल, जेमतेम दहा मिनिटांची. न्यूयॉर्कचं ग्रँड सेंट्रल स्टेशन. श्रीमंत दिसणारी एक गोरी बाई गडबडीत एका कृष्णवर्णीय माणसाला धडकते. पर्समधल्या वस्तू सांडतात. तो मदतीला वाकतो, तर तिला ती नको. गाडी चुकते, पैशाचं पाकीट सापडत नाही. उरलेल्या चिल्लरीत ती स्टेशनातल्या उपाहारगृहात एक सॅलड घेते, टेबलावर ठेवते, काटा आणायला जाते.

परत येते तर टेबलाशी एक फाटका कृष्णवर्णीय माणूस बसलाय आणि सॅलड खातोय.

ती म्हणते, माझं आहे. तो हसतो आणि खात राहतो. ती हट्टाला पेटते, समोर बसते आणि त्याच ताटलीत काटा घालते. तो बघतो. ती खाते. तो खातो. भांडण नाही, शब्द नाहीत. मग तो उठतो आणि दोन कप कॉफी घेऊन येतो. एक तिच्यापुढे ठेवतो, साखरही देतो. ती कॉफी पिते आणि निघते.

बाहेर पडल्यावर तिला आठवतं, पिशव्या आतच राहिल्या. धावत परत येते. माणूस गेलेला, पिशव्या गायब. काय झालं असणार हे तिला कळलंय. प्रेक्षकालाही कळलंय.

आणि मग शेजारच्या टेबलाशी तिला पिशव्या दिसतात. जागच्या जागी. सोबत तिचं सॅलडही. न उष्टावलेलं.

म्हणजे इतका वेळ ती कुणाचं जेवली?

इथे जो हशा पिकतो, तो कुणावर? बाईवर? नाही हो. तिच्याइतकंच तुम्हीही धरून चाललेलात, की सॅलड तिचं आणि चोर तो. पिशव्या दिसत नाहीत म्हटल्यावर तुमच्याही डोक्यात एकच चेहरा आला. पुरावा होता? काहीच नव्हता. फक्त रंग होता आणि फाटका कोट होता. दिग्दर्शकाने एक शब्दही न सुनावता तुम्हाला मुद्देमालासह पकडलं.

या फिल्मला १९९० मध्ये कान महोत्सवात लघुपटांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जतनासाठी तिची निवड झाली. दहा मिनिटांची, एका विद्यार्थ्याची फिल्म!

त्यातली आणखी एक गोष्ट कडक आहे. बाई सुधारत नाही. चूक कळते, हसू येतं आणि ती गाडी पकडायला पळते. माफी नाही, मिठी नाही, व्हायोलिन नाही. त्या माणसाला शोधायला कुणी जात नाही.

मोठ्या सिनेमाला हे परवडत नाही. त्याला दोन तास भरायचे असतात. मग गोऱ्या माणसाचं हृदयपरिवर्तन करावं लागतं. ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ने १९९० मध्ये ऑस्कर नेलं. ‘ग्रीन बुक’ने २०१९ मध्ये नेलं. मधे एकोणतीस वर्षं गेली, पण गाडी तीच. गोरा माणूस आणि काळा माणूस एका मोटारीत बसतात, प्रवास होतो, मैत्री होते, प्रेक्षक डोळे पुसतो. ‘मिस डेझी’च्याच वर्षी स्पाइक लीचा ‘डू द राइट थिंग’ आला होता. त्यात शेवटी दुकान पेटतं. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनातही तो नव्हता.

लघुपटाला तिकीटबारी नाही, म्हणून खोटं बोलायची गरज नाही. शिवाय पूर्वग्रह तरी केवढा मोठा असतो? दोन थांब्यांच्या मधे घडतो. लिफ्टमध्ये घडतो. फोनवर घरमालकाने आडनाव विचारलं, तेवढ्यात घडून संपतो. दोन मिनिटांच्या गोष्टीला दोन मिनिटांचीच फिल्म लागते.

दोन मिनिटांचीच एक आहे. २०१३ ची, ‘व्हॉट काइंड ऑफ एशियन आर यू?’. व्यायाम करणारा एक गोरा तरुण आशियाई चेहऱ्याच्या अमेरिकन मुलीला विचारतो, तू कुठली? ती म्हणते, सॅन डिएगोची. तो म्हणतो, तसं नाही, मूळची कुठली? ती पणजी कोरियाची असल्याचं सांगते, तर स्वारी खूश! लगेच कोरियन पदार्थांची नावं, लगेच नमस्कार. मग मुलगी उलट विचारते, तू कुठला? तो म्हणतो, अमेरिकन. तसं नाही, मूळचा कुठला? मूळ निघतं इंग्लंडचं. मग ती इंग्रजांची अशी काही नक्कल करते, की तो घाबरून बघत राहतो. आणि वर तिलाच विचित्र म्हणतो.

प्रश्न तोच, फक्त उलट दिशेने आला. लगेच विचित्र वाटला.

अमेरिकेतली मराठी मंडळी ही फिल्म एकमेकांना पाठवून मनापासून हसतात. त्यांनाही हा प्रश्न रोज विचारला जातो, त्यांची चीड खरी आहे. पण त्याच घरांत ‘काळ्यांच्या’ वस्तीत घर नको, शाळा नको, जावई तर नकोच नको, हेही ठरलेलं असतं. आपल्याला टोचलं की वंशभेद. आपण टोचलं की काळजी!

आता घरी या.

वंशभेद तिकडचा, असं म्हणायची आपल्याला सवय आहे. तर तिकडचं सोडा. २०१३ च्या ऑक्टोबरअखेरीस गोव्यात पर्रा इथे एका नायजेरियन माणसाचा खून झाला. त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला. खून झाला होता नायजेरियन माणसाचा, पण फलक लागले नायजेरियनांच्या विरोधात. राज्याच्या एका मंत्र्याने तर त्यांची तुलना कर्करोगाशी केली. नंतर सारवासारव झाली. होतेच.

जानेवारी २०१६, बंगळूर. सुदानच्या एका विद्यार्थ्याच्या गाडीखाली एक महिला ठार झाली. काही वेळाने तिथून टांझानियाची एक विद्यार्थिनी जात होती. जमावाने तिची गाडी अडवली, तिला मारलं, गाडी पेटवली. सुदान आणि टांझानिया हे दोन वेगळे देश आहेत, एवढा भूगोल जमावाला ठाऊक नव्हता. ठाऊक असता तरी काय फरक पडला असता?

‘हे सगळे सारखेच दिसतात.’ हाच तो आपला निरुपद्रवी विनोद. बंगळुरात त्याच विनोदाने हात उगारला.

आणि हे तरी परदेशी. आपल्याच देशातल्या माणसांचं काय? जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीच्या लजपतनगरमध्ये निडो तानिया हा अरुणाचलचा विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून खिल्ली उडवली गेली. तो चिडला. त्याला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. सुरुवात कशी झाली ते पुन्हा वाचा. सुरुवात गमतीने झाली.

त्यानंतर एम. पी. बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येतल्या लोकांना वंशावरून हिणवणाऱ्यांसाठी कायद्यात वेगळी कलमं घाला, शाळांमध्ये ईशान्येचा इतिहास शिकवा, असं समितीने सांगितलं. २०२० मध्ये करोना आला आणि तोच चेहरा पाहून दिल्ली-मुंबईच्या रस्त्यांवर लोक ‘करोना’ म्हणून ओरडले, थुंकले. समितीने काय सांगितलं होतं, ते कुणाच्या लक्षात होतं?

आणि मराठी माणसाने तर काळ्या रंगाला हसूच नये. आपल्या इतिहासात मलिक अंबर आहे. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्याने मोगलांना गनिमी काव्याने जेरीस आणलं. जमीनमहसुलाची घडी बसवली. खडकी वसवून तिथे नहरीने पाणी आणलं. आज छत्रपती संभाजीनगर म्हणतो, त्या शहराचा पाया या आफ्रिकन माणसाने घातला. शाळेत त्याच्यावर दोन गुणांचा प्रश्न असतो. पोरं उत्तर घोकतात, पेपर टाकतात आणि पुण्याच्या रस्त्यावर आफ्रिकन विद्यार्थी दिसला की फिदीफिदी हसतात.

दोन गुण मिळाले. अक्कल नाही मिळाली.

मग आपले पडदे काय करतात? ते उपदेश करतात. आणि उपदेशाच्या आधी मेकअप करतात. २०१९ चा ‘बाला’ हा हिंदी सिनेमा रंगभेदाच्या विरोधात होता. चांगली गोष्ट. पण सावळ्या नायिकेच्या भूमिकेत भूमी पेडणेकरला घेतलं आणि तिचा चेहरा काळा केला. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘रंग माझा वेगळा’ या मराठी मालिकेने तेच केलं. नायिकेचा रंग हाच विषय, आणि रंग लावावा लागला डब्यातून. २०१४ मध्ये मणिपुरी मेरी कोमवर सिनेमा निघाला, तेव्हा मणिपूरची एकही मुलगी सापडली नाही. सापडली प्रियांका चोप्रा.

सावळ्या मुलींचं दुःख चालतं. सावळ्या मुली चालत नाहीत.

हेही मान्य करायला हवं, की प्रयत्न झालेत. निकोलस खारकोंगोर यांचा ‘अ‍ॅक्झोन’, म्हणजे अखुनी, बघा. लघुपट नाही, पण वृत्ती तीच. दिल्लीत भाड्याने राहणाऱ्या ईशान्येच्या मित्रमैत्रिणींना लग्नासाठी आंबवलेल्या सोयाबीनचा पदार्थ शिजवायचाय, आणि त्याच्या वासाने शेजार पेटून उठतो. एवढीच गोष्ट. पण त्या वासाभोवती घरमालकीण, शेजारी, टोमणे, सगळं बाहेर येतं. यातही एका प्रमुख भूमिकेत बाहेरची नटी आहे, आणि त्यावर टीका झाली ती रास्तच. तरी हसू योग्य ठिकाणी पडतं. वास घेणाऱ्याच्या नाकावर.

मुद्दा इथेच येतो. कुठलाही विनोद तपासायला फार विद्वत्ता लागत नाही. एवढंच विचारायचं, हशा पिकल्यावर खोलीतला कोण खाली बघतो?

विनोदी कार्यक्रमात जाड ओठ लावून, तोंड काळं करून माणूस रंगमंचावर येतो, तेव्हा खाली कोण बघतं? घरात टीव्हीसमोर बसलेली सावळी मुलगी बघते. ‘लंच डेट’ संपल्यावर कोण बघतं? ज्याने मनातल्या मनात चोर ठरवला, तो. पहिला हशा दुबळ्याच्या दारात जाऊन पडतो. दुसरा बरोबर घरी पोचतो.

आपल्या बहुतेक हशांचा पत्ता चुकलेला आहे.

आता शंकेखोर मित्र विचारेल, आणि त्याने विचारलंच पाहिजे, की असल्या फिल्मांनी होतं काय? जर्मनीने ‘श्वार्त्सफारर’ केली, ऑस्कर घेतलं. पुढे फेब्रुवारी २०२० मध्ये हानाऊ शहरात वंशद्वेषातून नऊ जणांना गोळ्या घातल्याच ना?

घातल्या. बारा मिनिटांच्या फिल्मने बंदूक थांबत नाही, आणि थांबते असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण तिच्यामुळे गप्प बसणं अवघड होतं. ट्राममधली म्हातारी फिल्म बघून सुधारणार नाही. शेजारच्या बाकावरचा माणूस मात्र पुढच्या वेळी खिडकीबाहेर बघताना अडखळेल. मी काय करतोय, हे त्याला एकदा पडद्यावर दिसलंय. त्या अडखळण्यातून कुणी एक जण बोलला, तरी फिल्मचा खर्च वसूल.

भाषण ऐकून माणूस स्वतःचा बचाव करतो. हसताना पकडला गेला, की बचाव करायला वेळच मिळत नाही.

म्हणून लघुपट करणाऱ्या मराठी पोरापोरींना एक विनंती. पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत १९९० पासून माहितीपट आणि लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो, आणि कॅमेरा तर प्रत्येकाच्या खिशात आहे. बर्लिनची ट्राम त्यांनी दाखवली. आपली लोकल कोण दाखवणार? भाड्याने फ्लॅट शोधणारा नागालँडचा मुलगा, बघायला आलेल्या मंडळींसमोर पावडर लावून बसवलेली सावळी मुलगी, कॉलेजच्या कँटीनमध्ये ज्याच्या टेबलाशी कुणी बसत नाही तो केनियाचा विद्यार्थी. गोष्टी दारात उभ्या आहेत. दारावर पाटी आहे, ‘कृपया चेष्टा समजून घ्या’.

दोनच पथ्यं पाळा. ज्याची गोष्ट, त्यालाच उभं करा, काजळ फासून दुसऱ्याला नको. आणि त्याला संत करू नका. ‘लंच डेट’मधला माणूस कॉफी आणून देतो, छान आहे. पण आपलं जेवण खाणाऱ्यावर दुसरा कुणी खेकसला असता, तरी तो चोर ठरत नव्हता. चांगलं वागून आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची पाळी नेहमी त्याच्यावरच का? ‘श्वार्त्सफारर’मधला तरुण तिकीट खातो, तेव्हा तो गुणी मुलगा राहत नाही. खोडकर होतो, चिडलेला असतो, सूड घेतो. म्हणूनच तो खरा वाटतो.

आणि वाचकांनो, तुम्हाला फिल्म करायची गरज नाही.

या दोन्ही फिल्म शोधा, घरच्यांबरोबर बघा. वीस-बावीस मिनिटांचं काम आहे, मालिकेच्या एका भागाएवढं. संपल्यावर मुलांना विचारा, सॅलड कुणाचं वाटलं होतं? खरं उत्तर मुलं देतील. मोठे म्हणतील, आम्हाला आधीच कळलं होतं.

मग पुढच्या आठवड्यात कट्ट्यावर, ऑफिसात, फॅमिली ग्रुपवर कुणीतरी रंगावरून कोटी करेल. करणारच. तेव्हा हसू नका, आणि नुसते गप्पही बसू नका. यात गंमत काय आहे, ते समजावून सांग, एवढंच त्याला म्हणा. समजावून सांगता आलं, तर तुम्हीही हसा.

अजून तरी कुणाला सांगता आलेलं नाही.